ग्राफवर चालणारं ॲक्सेस कंट्रोल: अकरा महिने वापरून झाल्यावर

ऑडिटला आलेल्या बाईंनी एका फोल्डरवर बोट ठेवून विचारलं, "हे आज कोणाकोणाला उघडता येतं?" आमच्याकडे तेव्हा एक्सएसीएमएल या परवानगीचे नियम लिहायच्या भाषेतल्या पॉलिसींचा गठ्ठा होता. अमुक माणसाला अमुक फाइल उघडता येईल का, याचं उत्तर तो झटक्यात द्यायचा. उलट्या बाजूने विचारलं की घोडं अडायचं. मग एकेक यूजर घेऊन तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारी स्क्रिप्ट लिहिली. ती रात्रभर चालली आणि सकाळी यादीत दोन नावं अशी निघाली की ती तिथे का आहेत हे कोणालाच सांगता येईना. ग्राफकडे, म्हणजे बिंदू (नोड) आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा अशा मांडणीकडे, वळायचं त्याच सकाळी ठरलं.

आम्ही घेतलं ते एनजीएसी (नेक्स्ट जनरेशन ॲक्सेस कंट्रोल) मॉडेल. अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या पॉलिसी मशीन प्रकल्पातून ते पुढे आलं. एक्सएसीएमएल आणि एनजीएसी यांची तुलना करणारा निस्टचाच २०१६ चा एक दस्तऐवज आहे, ८००-१७८ क्रमांकाचा. तो आधी वाचला असता तर ती रात्र वाचली असती. निस्टने जावामध्ये लिहिलेला कोड खुला आहे. त्यावर आम्ही स्वतःचा एक थर चढवला.

मांडणी सोपी आहे. एका बाजूला यूजर, दुसऱ्या बाजूला फाइली. ॲट्रिब्यूट म्हणजे मधले नोड: माणूस 'लेखा विभाग' या नोडखाली, फाइल 'वार्षिक हिशेब' या नोडखाली. या दोन नोडांना जोडणारी रेष म्हणजे असोसिएशन, आणि वाचणे, लिहिणे या परवानग्या त्या रेषेवर बसतात. सगळ्यांच्या डोक्यावर पॉलिसी क्लास, म्हणजे नियमांचा एकेक स्वतंत्र संच. माणसापासून फाइलपर्यंत वाट सापडली तर प्रवेश, नाही तर नाही. वाट असूनही कोणाला अडवायचं असेल तर त्यासाठी प्रोहिबिशन वेगळं लावता येतं.

याचा खरा फायदा त्या बाईंच्या प्रश्नात आहे. फाइलपासून निघायचं, वर चढायचं, रेष ओलांडायची, पलीकडे खाली उतरायचं, की यादी हातात. शिवाय प्रत्येक नावापुढे ते कुठल्या वाटेने आलं तेही छापून मिळतं. जुने ग्रुप जसेच्या तसे ग्राफमध्ये ओतल्यावर त्या दोन नावांचं कोडंही सुटलं. 'लेखा_वाचन_तात्पुरता_२' नावाचा एक ग्रुप दुसऱ्या ग्रुपच्या पोटात होता, तो तिसऱ्याच्या. दोघांनी विभाग बदलून बराच काळ लोटला होता. पॉलिसीत चूक काहीच नव्हती. गंज चढला होता तो ॲट्रिब्यूटना, आणि पॉलिसीच्या फाइली कितीही वाचल्या तरी तो दिसला नसता.

आता ज्यात आम्ही तोंडघशी पडलो ते. फाइल दोन पॉलिसी क्लासखाली असेल, समजा 'विभाग' आणि 'गोपनीयता', तर परवानगी दोन्हीकडून मिळावी लागते. ऐकायला छान. पण फाइल 'गोपनीयता'खाली टाकायचीच राहिली, तर तो क्लास तिच्याबाबतीत काहीच बोलत नाही. एकट्या 'विभाग'ची संमती पुरते. म्हणजे एक रेष काढायला विसरलं की दार बंद होण्याऐवजी उघडतं. आमच्या डोक्यात 'जोडणं म्हणजे देणं' हे इतकं पक्कं बसलं होतं की हे पचायला वेळ लागला. एका सहकाऱ्याने पगाराच्या तक्त्यांचं नवं फोल्डर केलं, विभागाखाली ठेवलं, आणि विभागातल्या सगळ्यांना ते दोन दिवस दिसत होतं. ज्याने कळवलं त्याला स्वतःचाच आकडा शोधायचा होता म्हणे. तेव्हापासून नियम केला: नवा ऑब्जेक्ट (फाइल किंवा फोल्डर) ठरलेल्या सगळ्या क्लासखाली गेल्याशिवाय सेव्हच होत नाही. हा पहारा तुम्हाला स्वतः बसवावा लागतो, आणि तो पहिल्याच आठवड्यात बसवा.

वेळ, ठिकाण, रक्कम असल्या अटी या मॉडेलला रुचत नाहीत. 'संध्याकाळी सातनंतर बाहेरच्या नेटवर्कवरून नाही' हे एक्सएसीएमएलमध्ये एका अटीत बसायचं. इथे तास आणि रकमांचे टप्पे नोड म्हणून काढत बसलात तर ग्राफचं भजं होतं. आम्ही तो उद्योग महिनाभर केला आणि मग गुपचूप काढून टाकला. आता असल्या अटी ग्राफला विचारण्याआधीच तपासल्या जातात. त्यामुळे 'कोणाला दिसतं' या यादीलाही शेपूट लागलं: ही माणसं, पण अटी पाळल्या तर. पुढच्या खेपेला त्या बाईंनी ते बरोबर हेरलं.

वेगाबद्दल फार तक्रार नाही, ग्राफ मेमरीत ठेवतो. कॅशने, म्हणजे आधी दिलेली उत्तरं वेग यावा म्हणून साठवून ठेवणाऱ्या जागेने, मात्र एकदा घाम फोडला. एकाला प्रकल्पातून काढलं, रेष पुसली, आणि लगेच त्याच प्रकल्पात नवा मसुदा टाकला. कॅशमधलं जुनं उत्तर अजून जिवंत होतं, त्याने तो मसुदा आरामात उघडला. गुगलने २०१९ मध्ये आपल्या झांझिबार या परवानगी-यंत्रणेवर शोधनिबंध काढला, त्यात याच दुखण्याला 'न्यू एनिमी' असं नाव आहे. त्यांचा उपाय असा की मजकूर बदलताना त्या क्षणाची खूण, 'झूकी', मजकुरासोबत ठेवायची आणि तपासणी त्या खुणेपेक्षा जुन्या स्थितीवर होऊ द्यायची नाही. आम्ही त्याची गरिबाघरची आवृत्ती केली: ग्राफ बदलला की आवृत्तीचा आकडा एकने वाढतो, फाइल सेव्ह होताना तो तिच्यावर लिहिला जातो, आणि कॅशमधलं उत्तर त्याहून जुनं असेल तर ते फेकून दिलं जातं.

ग्राफ चित्रात दाखवणाऱ्या स्क्रीनचं मात्र कौतुक करू नका. पन्नास नोडांपर्यंत मजा येते, पुढे सुताचा गुंता. प्रत्यक्षात आम्ही एका माणसाची एका फाइलपर्यंतची वाट, एवढंच बघतो, आणि तेही साध्या मजकुरात.

ज्यांच्याकडे दहा-बारा रोल (कामानुसार ठरलेले परवानग्यांचे गट) आहेत आणि ते सगळे तोंडपाठ आहेत, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. ग्रुपच्या पोटात ग्रुप असतील आणि 'याला हे का दिसतंय' हा प्रश्न दर आठवड्याला येत असेल, तर जरूर घ्या. फक्त जुने ग्रुप आत ओतण्याआधी साफ करायला वेळ राखून ठेवा. आम्ही ठेवला नव्हता, त्यामुळे 'लेखा_वाचन_तात्पुरता_२' अजून आहे. त्याच्याखाली आता एकही माणूस नाही, पण त्याच्यावरून जाणाऱ्या नऊ रेषा पुसायला कोणी तयार नाही.