पीडीओचं रोकाउंट: आठ महिने वापरल्यावर

आमच्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो; पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालते. आठ महिन्यांपूर्वी सगळा कोड पीडीओवर, म्हणजे पीएचपीतून डेटाबेसशी बोलण्याच्या सोयीवर आणला आणि क्वेरीतून (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातून) किती रेकॉर्ड आले हे मोजायला सगळीकडे त्यातलं रोकाउंट हे फंक्शन बसवलं. सर्व्हरवर बिनतक्रार चाललं, त्यामुळे मीही निर्धास्त होतो.

मग घरी लॅपटॉपवर टेस्टिंगसाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घेतला. शोधात 'शेती' टाकलं, तर वर 'एकही पुस्तक सापडले नाही' आणि त्याच पानावर खाली चौदा पुस्तकांची यादी! दोन संध्याकाळी क्वेरी उलटसुलट तपासली. क्वेरी बरोबरच होती. सिलेक्टनंतर (रेकॉर्ड वाचणाऱ्या क्वेरीनंतर) रोकाउंट खरा आकडा देईलच अशी हमी पीडीओ देत नाही, आणि एसक्यूलाइटवर तर ते शून्यच देतं. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. कोड बदलण्याआधीच ते वाचायला हवं होतं.

रेकॉर्ड बदलणाऱ्या अपडेटला रोकाउंट चालतं, पण तिथेही एक मेख आहे. सभासदाचा फॉर्म काहीही न बदलता सेव्ह केला की मायएसक्यूएलवर उत्तर शून्य येतं, कारण मोजल्या जातात त्या खरोखर बदललेल्या ओळी, म्हणजे रेकॉर्ड. आमच्या काउंटरवर त्याचा अर्थ 'सभासद अस्तित्वात नाही' असा दिसायचा. डेटाबेसशी जोडणी करताना फाउंड रोजचा (MYSQL_ATTR_FOUND_ROWS) पर्याय चालू केला, तेव्हा जुळलेल्या ओळी मोजल्या जाऊ लागल्या.

नुसता आकडा हवा असेल तिथे आता सरळ क्वेरीत ओळी मोजणारं काउंट(*) आणि तो आकडा उचलायला पीडीओचं फेचकॉलम. या क्वेरीवर रोकाउंट लावू नका, मायएसक्यूएलवर नेहमी १ येईल. आकडा त्या एका ओळीच्या आत असतो. कंसात कॉलमचं नाव दिलंत तर त्या कॉलममध्ये नल (काहीच न भरलेली किंमत) असलेल्या ओळी गळतात. मला ते फार उपयोगी पडलं: देवघेवीच्या टेबलात पुस्तक परत येईपर्यंत परतीची तारीख नल असते, म्हणून काउंट(*) मधून काउंट(परत_तारीख) वजा केलं की बाहेर असलेली पुस्तकं मिळतात. एका क्वेरीत काम होतं.

पूर्वी एवढ्यासाठी देवघेवीचं सगळं टेबल पीएचपीच्या मेमरीत ओढलं जायचं. वार्षिक अहवालाच्या दिवशी १३४२१७७२८ बाइट्सची, म्हणजे १२८ एमबीची मर्यादा ओलांडून पान कोसळलं होतं. मायएसक्यूएलमध्ये डेटा साठवणारी इनोडीबी ओळींची संख्या तयार ठेवत नाही, तिलाही मोजावं लागतंच; पण मोजणी डेटाबेसमध्येच होते आणि पीएचपीकडे फक्त एक आकडा येतो. नोंद आहे की नाही एवढंच पाहायचं असेल तर मी मोजतच नाही, क्वेरीला लिमिट १ लावून एकच ओळ मागतो.

रोकाउंट आता माझ्या कोडमध्ये इन्सर्ट, अपडेट आणि डिलीटनंतरच उरलंय.