बेलसमोर ऐकवलेला मायक्रोफोन

सॅक्सोफोनच्या ध्वनिमुद्रणासाठी एक वापरलेला (सेकंडहँड) मायक्रोफोन विकत घेताना माझी फसवणूक झाली. ती कशी झाली हे तपशिलाने लिहीत आहे, कारण मला तो माइक ज्या रीतीने ऐकवण्यात आला, त्या रीतीने ऐकवल्यास जाणत्या वादकाचाही कान फसू शकतो.

विक्रेत्याने तो माइक नॉयमन कंपनीचा नावाजलेला स्टुडिओ माइक यू ८७ असल्याचे सांगितले. १९६७ मध्ये आलेल्या या कंडेन्सर (विद्युतभारित पडद्याने आवाज टिपणाऱ्या) माइकमध्ये दोन्ही बाजूंनी पडदा असलेली मोठी कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारा भाग, असते आणि ऑम्नी (सगळीकडून), कार्डिऑइड (मुख्यतः समोरून) व फिगर ऑफ एट (पुढून आणि मागून) असे आवाज टिपण्याच्या दिशांचे तीन पॅटर्न निवडता येतात. माझ्यासमोर ठेवलेल्या वस्तूवर चिन्ह, जाळी आणि बटणे जागच्या जागी होती. विक्रेत्याने माइक माझ्या टेनर सॅक्सोफोनच्या बेलसमोर, म्हणजे त्याच्या रुंद उघड्या तोंडासमोर, जेमतेम वीतभर अंतरावर उभा केला आणि वाजवायला सांगितले. हेडफोनमधला आवाज इतका भरदार होता की मी तिथेच व्यवहार पक्का केला.

खरे तर सॅक्सोफोनचा आवाज केवळ बेलमधून येत नाही. बहुतेक स्वरांचा मोठा भाग उघड्या छिद्रांतून बाहेर पडतो. सगळी छिद्रे झाकली जातात त्या सर्वांत खालच्या स्वरासाठीच बेल हा मुख्य मार्ग उरतो. म्हणून बेलला चिकटवलेल्या माइकमध्ये खालचे स्वर अंगावर येतात, मधल्या स्वरांतला श्वास हरवतो, आणि मुख्य म्हणजे त्या प्रचंड आवाजाखाली माइकची स्वतःची सरसर पूर्णपणे दबून जाते. हे मला ठाऊक होते, तरी त्या क्षणी आठवले नाही, याचे वाईट वाटते.

घरी आल्यावर मी माइक नेहमीच्या जागी, म्हणजे अर्धा ते एक मीटर अंतरावर, बेलची कड आणि डाव्या हाताच्या कीज यांच्या मधोमध रोखून लावला. हळू वाजवलेल्या सबटोनमागे (श्वासमिश्रित, दबक्या स्वरामागे) सतत सरसर ऐकू येऊ लागली आणि वरचे स्वर पत्र्यासारखे कर्कश झाले. तक्रार केल्यावर विक्रेत्याने माइकची जागा चुकीची, खोली वाईट, रीड (मुखाशी कंप पावणारी वेताची पट्टी) जुनी, अशी एकेक कारणे दिली. मी रीड बदलल्या, भिंतींवर जाड गोधड्या लावल्या, माइक बोटाबोटाने सरकवत कितीतरी संध्याकाळी घालवल्या. पैशांपेक्षाही, त्या दिवसांत मी स्वतःच्या फुंकीवर शंका घेत राहिले, हे मला अधिक लागले.

एका सहवादकाच्या आल्टो सॅक्सोफोनबरोबर समोरासमोर वाजवण्यासाठी मी फिगर ऑफ एट निवडले, तेव्हा उलगडा झाला. या पॅटर्नमध्ये पुढची आणि मागची बाजू सारखीच ऐकू यायला हवी आणि दोन्ही कडांना आवाज जवळजवळ नाहीसा व्हायला हवा. परंतु मागचा आल्टो शेजारच्या खोलीतून यावा तसा येत होता आणि कडेला उभे राहूनही माझा टेनर स्पष्ट ऐकू येत होता. जाळी उघडली, तेव्हा आत साध्या, स्वस्त माइकमध्ये असते तशी नखाएवढी इलेक्ट्रेट कॅप्सूल होती आणि पॅटर्नच्या बटणाला एकही तार जोडलेली नव्हती.

त्यामुळे असा माइक घेण्यापूर्वी तो स्वतःच्या नेहमीच्या अंतरावर लावून, अगदी हळू वाजवून आणि मग न वाजवताही ऐकावा. कार्डिऑइडवर अगदी जवळ बोलल्यास खर्ज फुगतो, ऑम्नीवर तसा फुगत नाही. बटण फिरवूनही हा फरक पडत नसेल, तर थांबावे. विजेरीचा झोत जाळीवर टाकल्यास आतली रुंद कॅप्सूल दिसते. आणि पावतीवर मॉडेलचे नाव व अनुक्रमांक लिहून घ्यावा. माझ्या पावतीवर फक्त ‘स्टुडिओ माइक, वापरलेला’ एवढेच लिहिलेले होते, आणि विक्रेत्याने त्याच शब्दांवर बोट ठेवून पैसे परत करण्यास नकार दिला.