व्हॉट्सॲप बिझनेस, आठ महिने वापरून: आधी नंबर सेव्ह करून घ्या

जाहिरातीच्या एजन्सीने आमचं इन्स्टाग्रामचं पेज गेल्या आठवड्यात एकदाचं परत दिलं, तेव्हा डोकं शांत झालं आणि हे लिहायला बसले. कॅटलॉग म्हणजे मालाची फोटो-भावासकट यादी, लेबल म्हणजे गिऱ्हाईकाच्या नावापुढे लावायची खूण, झटपट उत्तरं म्हणजे आधीच लिहून ठेवलेले मेसेज, एवढंच सांगून पुढे जाते. मी लातूरला घरीच येसर, काळं तिखट आणि कारळाची चटणी करून विकते. जूनमध्ये जुन्याच नंबरवर साध्या व्हॉट्सॲपच्या जागी धंद्यासाठीचं व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं. फुकट आहे, जुने मेसेजही तसेच राहिले.

जुलैत भाच्याच्या ओळखीने एक एजन्सी लावली. महिन्याला 4,000 रुपये, त्यात बारा पोस्ट आणि चार रील. तीन महिन्यांचे 12,000 झाले. येसराच्या पाव किलोच्या पाकिटामागे मला 25 रुपये सुटतात, म्हणजे 480 पाकिटं भाजून, दळून, भरून त्यांना दिल्यासारखंच झालं. आणि रीलमध्ये काय, तर पांढऱ्या वाटीत कुठल्या तरी गरम मसाल्याचा फोटो. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ खरपूस भाजून मसाल्यासोबत दळलेलं आमचं येसराचं मातकट पीठ त्यात कुठेच नाही. व्ह्यूज हजारोंनी आले, ऑर्डर एकही आली नाही. बंद करते म्हटल्यावर कळलं की पेज त्यांनी स्वतःच्याच ईमेलवरून उघडलं होतं. ते परत घ्यायला चार महिने फोन केले. तेव्हा पेज स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नंबरवर उघडा आणि दुसऱ्याला लागेल तेवढाच प्रवेश द्या, हे अगदी कळकळीने सांगते.

आता मूळ मुद्दा, ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना एकदम, पण प्रत्येकाला वेगळा पाठवायचा. एका यादीत 256 नावं बसतात. माझ्या यादीत दिवाळीआधी 214 होती. रात्री जागून मेसेज लिहिला, चटणीचा ताजा फोटो लावला, पाठवला. दुसऱ्या दिवशी मेसेज दाबून धरून माहिती उघडली, तर पोचलेल्यांची यादी 61 वर थांबलेली. मला वाटलं नेट गेलं असेल. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. दोन दिवस ॲपला बोल लावला. शेवटी पुतणीने सांगितलं, "काकू, ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच हा जातो." नियम पहिल्यापासून तोच आहे, मीच वाचला नव्हता. मी सगळ्यांचे नंबर जपून ठेवले, पण माझा किती जणांकडे आहे हे कधी पाहिलंच नाही.

त्या दिवसापासून मी एवढ्या एकाच गोष्टीच्या मागे लागले. प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी: "हा नंबर 'येसर काकू' नावाने सेव्ह करा, पुढचं दळण कधी आहे ते कळेल." माल हातात देताना तिथेच उभी राहून म्हणायची, आत्ताच करा बरं. कुणी "करतो नंतर" म्हटलं तरी हलायची नाही. क्लासेसच्या होस्टेलवर राहणारी पोरं सगळ्यात पटकन करतात. मेसच्या भाजीला कंटाळलेली असतात, कारळाची चटणी कधी येते याची त्यांना घाई. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आठवडाभर आधी तसाच मेसेज टाकला. यादीत 232 होते, पोचला 187 जणांना. येळवशीला पुण्या-मुंबईची माणसं शेतावर जेवायला येतात, आंबील-भज्जी खाऊन परत जाताना बरोबर न्यायला काहीतरी हवं असतं. चार दिवसांत 96 पाकिटं गेली, एक रुपया जाहिरातीवर न घालता. दिवाळीत कुणी विचारलं असतं तर पाचपैकी दोन तारे दिले असते. आज चार देते.

व्हिडिओबद्दलही मत बदललं, पण ते स्वतः काढायला लागल्यावर. गिऱ्हाईकं सारखं विचारायची, आमटीत गाठी का होतात? म्हणून ओट्यावर डब्याला टेकवून फोन उभा केला. एका पातेल्यात येसराचं पीठ सरळ उकळत्या पाण्यात टाकलं, लगेच गोळे. दुसऱ्यात आधी वाटीभर गार पाण्यात कालवलं, मग फोडणीच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळलं, आमटी एकसारखी आली. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, मागे कुकरची शिट्टी. स्टेटसला लावला. स्टेटस 24 तासांत जातं, म्हणून तीन दिवस रोज पुन्हा लावला. "आता जमली" म्हणून आमटीचे फोटो आले, त्यातल्या निम्म्या जणींनी पुन्हा पाकीट मागवलं.

पैसे भरून जाहिरात म्हणजे पाण्यात, असं मी आजवर सगळ्यांना ऐकवत आले. तेही जरा मागे घेते. जानेवारीत तोच व्हिडिओ पाच दिवस, रोजचे 150 रुपये लावून, फक्त हडपसर, वाघोली आणि चिंचवड निवडून चालवला. तिथे आपल्याकडची माणसं भरपूर. दाबलं की थेट माझ्या व्हॉट्सॲपवर. 750 अधिक 18 टक्के जीएसटी, 885 रुपये गेले. विचारणा 19, घेणारे सात. माणशी 126 रुपये पडले, म्हणजे पहिल्या खेपेला तोटाच. पण रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल पाठवताना प्रत्येकाला नंबर सेव्ह करायला लावला, आणि सातपैकी चौघांनी महिन्याच्या आत पुन्हा मागवलं. एवढ्यावर पुढच्या सणाला परत लावेन, पण पाचच दिवस.

बाकी किरकोळ. कॅटलॉग फारसं कुणी उघडत नाही, भाव विचारतातच. झटपट उत्तरांत भाव आणि पार्सलचा खर्च भरून ठेवला आहे, त्याने बोटं वाचली. लेबलं मी दोनच वापरते, "पैसे बाकी" आणि "परत विचारणे".

पाचवा तारा का नाही, तर माझा नंबर समोरच्याने सेव्ह केलाय की नाही हे मेसेज पाठवायच्या आधी कळत नाही. पाठवून, पोचलेल्यांची यादी उघडून, उरलेली नावं वहीत उतरवून एकेकाला फोन करावा लागतो. रविवारची दुपार त्यात जाते.

मे महिन्यात 'नीट' ही डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा झाली की होस्टेलची पोरं आपापल्या गावी जातील आणि यादीतली कितीतरी नावं उपयोगाची राहणार नाहीत. म्हणून आत्तापासूनच चटणी देताना घरचा नंबर विचारते आणि घरच्यांना माझा पाठवायला लावते. परभणीच्या एका पोराच्या आईने काल फोन करून दोन किलो येसर सांगितलं, लेकीच्या लग्नाच्या आमटीसाठी. ते उद्या भाजायला घेते.