कमावत्या भाच्यांसाठी मोती चौकातले कंदी पेढे

दिवाळीला भाचे-पुतण्यांना कपडे घेण्याची आमच्या घरची रीत आहे. थोरला भाचा पुण्यात नोकरीला लागून ४ वर्षे झाली, तरी मी त्याला शर्टच घेत राहिले. मागच्या वर्षी त्याच्या कपाटात आदल्या दिवाळीचा शर्ट कॉलरच्या पुठ्ठ्यासकट, टाचण्याही न काढलेला दिसला, तेव्हा फार वाईट वाटले. पहिला पगार हाती आला की त्या मुलाचे कपडे बंद, असे जाऊबाईंशी बोलून ठरवले. शिकत असलेल्या धाकट्या दोघींचे मात्र चालूच राहील.

यंदा साताऱ्यात राजवाड्याजवळच्या मोती चौकातील एका जुन्या दुकानातून प्रत्येकाला अर्धा किलो कंदी पेढे घेतले. खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला, साखर बेताची, आणि बोटांनी दाबला की पेढा रवाळ फुटत होता. असा भाजलेला खवा पांढऱ्या पेढ्याहून अधिक दिवस टिकत असल्यामुळे मुलांना तो परत जाताना सोबत नेता येतो, ही मला मोठीच सोय वाटते. दुकानदारांनी आधी चव घ्यायला एक पेढा हातावर ठेवला आणि वजन रिकामा खोका वगळून केले.

खोका मात्र पातळ आहे, घरी येईपर्यंत त्यावर तुपाचे डाग पडले; शिवाय पेढे कधी केले, ते विचारावे लागले. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पाऊण तास रांगेत गेला, तेव्हा सकाळीच जावे.

भाच्याने खोका तिथेच उघडला आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.