‘पंचेचाळीस टक्के लावून देतो’ म्हणणाऱ्याला फाईल देऊ नका

पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानापाशी, मुलाच्या दिव्यांग दाखल्यासाठी आलेल्या हडपसरच्या एका आईला एकानं गाठलं. “ताई, आत नुसते हेलपाटे घालाल. ६,५०० द्या, पंचेचाळीस टक्के लावून देतो.” मुलाला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. तिनं पैसे दिले आणि मूळ फाईलही दिली: ऑडिओग्राम (किती ऐकू येतं त्याचा आलेख), बेराचा (कानाकडून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते पाहणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड. तीन आठवड्यांनी लॅमिनेट केलेला दाखला हातात आला. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला तो जोडला, तर तहसील कार्यालयात सरकारी पोर्टलवर दाखल्याचा क्रमांक निघेचना. तोवर त्या माणसाचा फोन बंद.

पैशांपेक्षा फाईल गेली हे जास्त वाईट. बेरा पुन्हा करायची तर लहान मुलाला बऱ्याचदा औषध देऊन झोपवावं लागतं. त्यात, खोट्या दाखल्यावर दिव्यांगांसाठीचा लाभ लाटणं किंवा तसा प्रयत्न करणं हा दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या कलम ९१ नुसार गुन्हा आहे. २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. फसलेल्या आईलाच खुलासे देत फिरावं लागतं, याची आम्हाला फार चीड येते.

दिव्यांगत्वाची टक्केवारी कुणालाच ‘लावून’ देता येत नाही. दिव्यांग दाखल्याच्या सरकारी ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करायला पैसे लागत नाहीत, आणि टक्के ठरतात ते तपासणीत, डॉक्टरांसमोर. एजंटाची खरी मेख मोबाईल नंबरात असते. अर्जात तो स्वतःचा नंबर घालतो. मग ओटीपी त्याला, तपासणीचा निरोपही त्यालाच. अर्ज खरोखर भरलेला असला तरी तुम्हाला तारीख कळत नाही. म्हणून नंबर तुमचाच घाला आणि नोंदणी क्रमांक स्वतः उतरवून घ्या.

पुरावा म्हणून ‘ऐकू कमी येतं’ एवढी चिठ्ठी पुरत नाही. ऑडिओग्रामवर दोन्ही कानांचे आकडे डेसिबलमध्ये वेगवेगळे हवेत, तारीख हवी, तपासणाऱ्याची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. कायद्यात ‘ऐकू कमी येणं’ म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट, त्यामुळे एकाच कानाचा रिपोर्ट नेऊन भागत नाही. मूळ कागद तपासणीच्या दिवशी दाखवायचे आणि लगेच परत घ्यायचे. कुणाकडे ‘दोन दिवस’ ठेवायला द्यायचे नाहीत.

फाईल गेलीच असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार देताना एकेक कागद तारखेसकट लिहा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जुन्या रिपोर्टांसाठी रुग्णालयाला लेखी अर्ज द्या. मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पण नोंदी जपण्याची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचीच आहे, तेव्हा उशीर नको. आधारची झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: ‘फक्त दिव्यांग दाखल्यासाठी’, खाली तारीख आणि सही.