स्कायरिम: दिवा डोक्यावर की भिंतीवर?

लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत साडेअकराला ट्यूबलाइट बंद होते. मग कानात हेडफोन घालून माझं स्कायरिम, म्हणजे तलवारी आणि मंत्रांचा व्हिडिओ गेम, सुरू. घरात कुणाची झोप मोडायची नाही, ही सवय गेममध्येही उतरली आहे. तिथेही मी दबकूनच चालतो. म्हणून मॅजिका (मंत्र टाकायची ताकद) उजेडावर घालवायचा की लपण्यावर, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

कॅन्डललाइट हा उजेडाचा मंत्र स्वस्त. मूळ खर्च 21, आणि सुरुवातीला हाय एल्फ ही जात सोडली तर सगळ्यांकडे मॅजिका 100. उजेडाचा गोळा 60 सेकंद डोक्यापाशी तरंगतो. मशालीसारखा एक हात अडकत नाही, त्यामुळे ढाल-तलवारवाल्याने बिनधास्त घ्यावा. चोरपावलांनी जाणाऱ्याने मात्र हात लावू नये. हा गोळा म्हणजे मंडळाची रोषणाई अंगावर लावून चोरी करायला जाणं. अंगावर उजेड पडला की तुम्ही लवकर दिसता.

उजेडाचाच दुसरा मंत्र मेजलाइट, त्याचा खर्च 84, म्हणजे सुरुवातीला एकदा टाकला की जवळपास खडखडाट. तरी माझं मत यालाच. हा गोळा फेकायचा, आदळेल तिथे तो चिकटतो. ब्लीक फॉल्स बॅरो या जुन्या थडग्यातला तो बोळ घ्या: दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत ड्रॉगर (जिवंत होणारी मढी) आडवे पडलेले. नुसतं मढं कुठलं आणि उठून कुऱ्हाड घेऊन येणारं कुठलं, ते कळत नाही. त्यात पाय पडला की खिळ्यांचं फाटक अंगावर फिरवणारी फरशी. लांबूनच पलीकडच्या भिंतीवर मेजलाइट मारा. फरशी दिसते, कोनाडे दिसतात आणि तुम्ही अंधारातच. मग धनुष्य काढा, घाई नाही. (सेटिंगमध्ये ब्राइटनेस वाढवूनही भागतं म्हणा, पण मग दबकून चालण्यात मजा काय?)

आता लपण्याचे मंत्र. मफल पावलांचा आवाज दाबतं, तेही 180 सेकंद. खर्च 144, म्हणजे हाय एल्फ सोडले तर पहिल्या दिवशी परवडतच नाही. इल्युजन (मफल ज्यात मोडतं ते मंत्रांचं कौशल्य) 25 वर नेऊन त्यातला अ‍ॅप्रेंटिस पर्क, म्हणजे कौशल्याची जादा सवलत, घ्या, खर्च निम्म्यावर येतो. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावरसुद्धा टाकत राहा, समोर कुणी नसलं तरी इल्युजन वाढतं.

अदृश्य करणाऱ्या इनव्हिजिबिलिटीचं नाव मोठं, लक्षण खोटं. 334 मॅजिका मोजून 30 सेकंद मिळतात, आणि दार उघडलं, पेटी उघडली किंवा वार केला की खेळ खलास. इल्युजन 50 ला क्वायट कास्टिंग हा पर्क घेऊन मंत्रांचा आवाज बंद करा, मग बघू.

खाजित (मांजरासारखी जात) निवडला असाल तर उजेडाचा खर्चच वाचवा. त्याची नाइट आय, म्हणजे अंधारात बघायची शक्ती, फुकट आहे, 60 सेकंद चालते आणि हवी तेवढ्या वेळा वापरता येते. सरळ मफलच्या मागे लागा. बाकीच्यांनी विंटरहोल्डच्या जादूच्या कॉलेजात जावं. तिथल्या शिक्षकांकडे मंत्र विकत मिळतात: मेजलाइट टोल्फडिरकडे, मफल ड्रेव्हिसकडे. पैसे एकापुरतेच असतील तर आधी टोल्फडिर.