मंकी पॅच की पॅच फाइल?

बाहेरून घेतलेली कोडची लायब्ररी चांगली आहे, पण तिचं एक वागणं आपल्याला चालत नाही. दुरुस्तीची पुल रिक्वेस्ट (हा बदल घ्या, अशी विनंती) तिच्या कर्त्यांना पाठवलीय, ती मंजूर होईपर्यंत थांबता येत नाही. नोडच्या, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाच्या, प्रकल्पात अशा वेळी दोन वाटा जवळच्या. ॲप सुरू होतानाच लायब्ररीचं फंक्शन बदलून टाकायचं, म्हणजे मंकी पॅच. नाहीतर पॅच-पॅकेज हे साधन वापरून नोड-मॉड्यूल्समधला (इन्स्टॉल झालेल्या लायब्ररींच्या फोल्डरमधला) बदल डिफ म्हणून, म्हणजे बदललेल्या ओळींची फाइल करून, रेपोत (प्रकल्पाच्या कोडसोबत) ठेवायचा; इन्स्टॉलनंतर चालणारी स्क्रिप्ट तो पुन्हा लावते. फोर्क, म्हणजे लायब्ररीची स्वतःची वेगळी प्रत, मी धरत नाही. दोन ओळींसाठी अख्खी लायब्ररी सांभाळणं मला पटत नाही.

मंकी पॅचची ओढ मला कळते. छोटीशी फाइल, इन्स्टॉलला धक्का नाही, वर अटही घालता येते: हे फक्त टेस्टमध्ये, ते फक्त एका ग्राहकासाठी. क्रम मात्र जपावा लागतो. पॅच लागण्याआधीच कुणी ते फंक्शन रिक्वायर करून (आपल्या फाइलमध्ये आणून) वेगळ्या नावात धरलं असेल, तर त्याच्याकडे जुनंच राहतं. ईएस मॉड्यूलच्या (जावास्क्रिप्टच्या प्रमाण मॉड्यूल पद्धतीच्या) एक्स्पोर्टला तर बाहेरून काही असाइनच करता येत नाही. आणि भाषेच्या मूळ ऑब्जेक्टना हात नकोच. मूटूल्स या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीने ॲरेला स्वतःचं ‘फ्लॅटन’ जोडलं होतं. त्यावर उभ्या असलेल्या जुन्या साइट मोडू नयेत म्हणून ईएस २०१९ मध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या त्या वर्षीच्या प्रमाणात, त्या मेथडचं नाव ‘फ्लॅट’ ठेवावं लागलं.

तरी हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझा कौल फिरला तो एकाच त्रासाने: मंकी पॅच निकामी होतो तेव्हा कुणालाच सांगत नाही. आमच्या एका अहवालात चार्टवरचे आकडे १०,००,००० असे हवे होते, लायब्ररी १,०००,००० छापायची. तिचं आकडे मांडणारं आतलं फंक्शन आम्ही बदललं, छान चाललं. पुढे एका किरकोळ अपग्रेडमध्ये लायब्ररीने ते फंक्शन वापरणंच सोडलं. पॅच जागच्या जागी, पण त्याला हाक मारणारं कुणी उरलं नाही. बिल्ड हिरवी, टेस्ट हिरव्या, आणि ग्राहकाच्या हातात मिलियनवाले स्वल्पविराम. यात लायब्ररीलाही दोष देता येत नाही, कारण आतल्या फंक्शनबद्दल सेमव्हर (आवृत्ती क्रमांक देण्याचा संकेत) कसलाच शब्द देत नाही.

पॅच-पॅकेज इथे आवाज करतं. पॅच फाइलच्या नावातच लायब्ररीची आवृत्ती असते. आवृत्ती बदलूनही डिफ बसला तर इशारा येतो. नाही बसला तर सीआयवर (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या यंत्रणेवर) इन्स्टॉल तिथेच अडतं. शिवाय नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या, हे रिव्ह्यू करणाऱ्याला समोर दिसतं.

त्याचेही जाच आहेत. डॉकरमध्ये (ॲप कंटेनरमध्ये बांधून चालवण्याचं साधन) इन्स्टॉलच्या आधी पॅचेस फोल्डर कॉपी करावं लागतं. इन्स्टॉलच्या वेळी स्क्रिप्ट चालू न देणारा इग्नोर-स्क्रिप्ट्स पर्याय लावला तर पॅच लागतच नाही, म्हणून तुमची पाइपलाइन एकदा तपासून घ्या. लायब्ररी फक्त मिनिफाय केलेला (दाबून लहान केलेला) कोड देत असेल, तर डिफ वाचण्याजोगा राहत नाही; तिथे मंकी पॅच कदाचित सरस ठरेल. पीएनपीएम किंवा नवं यार्न हे पॅकेज मॅनेजर वापरत असाल तर पॅचची सोय त्यातच आहे, वेगळं पॅकेज नको.

ॲपसाठी मी तरी पॅच फाइलच निवडेन. मंकी पॅच ठेवणं भागच असेल, तर त्याच्या शेजारी अशी टेस्ट ठेवा जी बदललेलं फंक्शन सोडून थेट चार्टवर उमटलेला आकडा तपासते.